पाय पुढं करणं

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती आणि मी न्हाणीघरात पाय घासत बसले होते. वजरीनं टाचा घासल्या, भेगांत रुतलेली वाडीतली माती जुन्या टूथब्रशनं काढली, नखं कापली, साबण लावून पुन्हा धुतले. तासाभरानं चर्चमध्ये फादर माझा उजवा पाय धुणार होते. सून दारात येऊन उभी राहिली.

"मम्मी, पाय धुऊन घ्यायलाच जाताय ना? मग इथं इतके कशाला धुताय?"

तिनं सहज विचारलं होतं. मला काही उत्तर देता आलं नाही. मी खोबरेल तेल घेऊन टाचांना चोळत राहिले आणि चोळता चोळता आईंच्या टाचा आठवल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. साडेतीन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय धुतले. नम्रतेबद्दल मला जे थोडंफार कळलंय ते त्या पायांनी शिकवलंय, आणि तेही फार उशिरा. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वसईत पवित्र गुरुवारच्या मिस्सा-उपासनेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग त्या थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या पास्काच्या जागरणापर्यंत गप्प होतात. उपदेश संपला की फादर वरचा झगा काढून ठेवतात, कमरेला पांढरा टॉवेल बांधतात आणि वेदीसमोर बसलेल्या बारा जणांपुढं एकेक करून गुडघे टेकतात. मी लहान होते तेव्हा त्या बारा खुर्च्यांवर पुरुषच बसायचे. पुढं 2013 साली पोप फ्रान्सिस निवडून आले आणि बरोबर पंधरा दिवसांनी पवित्र गुरुवारी रोममधल्या किशोरवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले. तिथल्या बारा मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. 2016 च्या जानेवारीत नियमच बदलला आणि बायकांनाही त्या खुर्च्यांवर बसता येऊ लागलं. तुरुंगातली ती दृश्यं मी टीव्हीवर पाहिली होती. शहात्तर वर्षांचे पोप फरशीवर गुडघे टेकून त्या पायांचं चुंबन घेत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. किती नम्र माणूस, असं घरातले सगळेच म्हणालो. पाय पुढं करून बसलेल्या त्या मुलांना काय होत असेल, हा विचार तेव्हा मला शिवला नाही.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, ती हकिकत योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. मराठी बायबलमध्ये तिथं ‘गंगाळ’ असा शब्द आहे. प्रभू गंगाळात पाणी ओततो. हा शब्द वाचला की मला माझ्या माहेरच्या मागच्या पडवीतलं तांब्याचं गंगाळ दिसतं आणि ती सगळी गोष्ट यरुशलेममधून उठून आमच्या अंगणात येते. बाकीचे तिघे शुभवर्तमानकार शेवटच्या भोजनाची भाकर आणि द्राक्षारस सांगतात. योहान ते सांगतच नाही. त्या जागी तो हे पाणी सांगतो. पाय धुणं हे तिथं गुलामाचं काम, आणि गुलामांतही खालच्याचं. यहूदाही तेव्हा उठून गेलेला नव्हता. तो बाहेर अंधारात जातो ते नंतर. म्हणजे जे पाय थोड्याच वेळात प्रभूला धरून द्यायला निघणार होते, तेही त्या गंगाळात बुडले आणि त्या टॉवेलानं पुसले गेले.

वर्षानुवर्षं मी या अध्यायात एकच माणूस पाहिला: वाकलेला येशू. तसं वाकायला शिकायचं, हेच कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात शिकवलं गेलं आणि पुढं मीही मुलांना तेच शिकवलं. त्यात चूक काहीच नाही, प्रभूनं स्वतःच शेवटी सांगितलंय की तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. पण त्याआधी एक झटापट आहे, तिच्यावरून मी नुसती पुढं जात होते. शिष्यांतला कोळी पेत्र पाय मागं घेतो. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, म्हणतो. ऐकायला किती नम्र वाटतं! गुरूनं माझे पाय धुवावेत इतका मी कोण? आणि येशू त्या नम्रतेचं कौतुक करत नाही. तो सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. एवढं कडक उत्तर त्या खोलीत यहूदालाही मिळालेलं नाही.

हे उत्तर कडक का, ते मला आईंच्या खाटेपाशी कळलं.

आई एक्याऐंशीव्या वर्षी विहिरीच्या ओट्यावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. ही बाई आयुष्यभर कुणाचं देणं ठेवून राहिली नव्हती. अडतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात सहा मुलं. वाडीत राजेळीच्या केळी, कडेनं सोनचाफा आणि मोगरा. पहाटे दोनला उठून कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि पहिल्या गाडीनं दादरच्या फूलबाजारात जायचं. लाल लुगडं, डोक्यावर पाटी, पाय अनवाणी. चपला त्यांनी फक्त रविवारच्या मिस्सासाठी ठेवल्या होत्या. शेजारच्या टेम्पोतून कधी स्टेशनपर्यंत आल्या तर उतरताना दोन रुपये त्या पोराच्या हातात कोंबायच्या, नको म्हणाला तर सीटवर ठेवून यायच्या. कुणी ताटभर सांदणं पाठवली तर ते ताट रिकामं परत गेलं नाही. माझी लग्नाची पहिली दहा वर्षं मी हा ताठ कणा पाहिला आणि त्याला मान दिला. अजूनही देते.

त्या बाईला आता कुशीवर वळायलासुद्धा माणूस लागत होता.

पहिले सहा महिने फार वाईट गेले. त्या हाक मारायच्या नाहीत. रात्रभर अंथरूण ओलं करून पडून राहायच्या, पण मला उठवायच्या नाहीत. मी बेडपॅन घेऊन गेले की भिंतीकडं तोंड फिरवायच्या. अंग पुसताना डोळे गच्च मिटून घ्यायच्या, जणू डोळे मिटले की मी तिथं नाही. जेवण मुद्दाम कमी केलं होतं, म्हणजे मला कमी उठावं लागेल. डॉक्टरांना वाटलं भूक गेली. मला ठाऊक होतं की भूक गेलेली नाही. मी चिडायचे. "आई, हाक का नाही मारली?" असं म्हणताना आवाजात माया कमी आणि तक्रार जास्त असायची. पाठीला जखमा व्हायला लागल्या.

आणि मी? मी तर गावात सून म्हणून नावाजले जात होते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. बाई ठेवली नाही, सगळं स्वतः करते, शाळेची नोकरी सांभाळून करते, ही वाक्यं मी लोकांच्या तोंडून ऐकली आणि पुढं पुढं ती ऐकल्याशिवाय मला चैन पडेना. चर्चबाहेर बायका भेटल्या की मी मुद्दाम थकल्यासारखी दिसायचे. कुणी म्हणालं, "तुझ्यासारखी सून भाग्यानं मिळते," तर मी म्हणायचे, "छे छे, मी काय करते? देव करून घेतो." देवाचं नाव घेऊन मी माझं माप वाढवून घेत होते. दर पंधरा दिवसांनी पापनिवेदनाला जायची, शाळेतल्या मुलांवर ओरडले, नवऱ्याशी अबोला धरला, असं बारीकसारीक सगळं सांगायची. हे मात्र कधीच सांगितलं नाही, कारण हे पाप आहे असं मला वाटलंच नव्हतं. मला तो माझा सद्गुण वाटत होता.

प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना या जागेवर बोट ठेवतो. ‘लीनता’ हा एकच शब्द त्या छोट्या पत्रात दोन विरुद्ध गोष्टींसाठी आला आहे, मूळ ग्रीकमध्येही शब्द तोच आहे. दुसऱ्या अध्यायात तो अशा लोकांपासून सावध करतो जे स्वतःच ठरवलेली लीनता मिरवतात, देहाला कष्ट देतात आणि त्या जोरावर फुगतात. पुढच्याच अध्यायात मात्र तो सांगतो: देवाचे निवडलेले, त्याचे लाडके म्हणून तुम्ही करुणा, ममता, लीनता, सौम्यता अंगावर चढवा. क्रम पाहा. आधी निवडलेले, आधी लाडके, मग ते वस्त्र. पहिली लीनता माणूस घरी बसून विणतो, आणि त्याचं सगळं लक्ष वीण कशी दिसते याकडं असतं. दुसरी त्याला दिली जाते, त्यानं फक्त अंगात घालायची असते. मी त्या काळात विणत होते.

एका संध्याकाळी, रोझरीची जपमाळ संपल्यावर, मी नेहमीप्रमाणं घमेल्यात कोमट पाणी आणलं आणि आईंचे पाय धुवायला बसले. दिवस वाईट गेला होता, शाळेत तपासणी होती, मी रागानं टाचा चोळत होते. आईंनी पाय मागं घेतला नाही. उलट त्यांनी दुसरा पाय स्वतःहून, दुखत असताना, इंचभर माझ्याकडं सरकवला. आणि बोलल्या. त्या कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, बोलल्या, मी प्रमाण मराठीत लिहिते. म्हणाल्या, "बाय, तू रोज धुतेस, ते सगळ्या गावाला दिसतं. मी रोज पाय पुढं करते, ते कधी पाहिलंस का?"

रागानं नाही म्हणाल्या. सांगितलं फक्त.

मी हात धुऊन त्यांच्या उशाशी बसले. बऱ्याच वेळानं विचारलं, "आई, पहिले सहा महिने तुम्ही किती त्रास करून घेतलात. मग एकदम कशा हाक मारायला लागलात?" कारण खरंच तसं झालं होतं. एका सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली होती आणि त्या दिवसापासून बेडपॅन असो, अंग पुसणं असो, तोंड फिरवणं बंद झालं होतं. जेवणही पूर्ववत. मी ते माझ्या सेवेचं यश समजले होते.

आई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "माझ्यानं जमत नव्हतं. मागून घेतलं."

भिंतीवर संत छोट्या तेरेजाचं चित्र होतं, फ्रान्समधल्या लिजियच्या. हातात क्रूस आणि गुलाब. फुलं विकणाऱ्या बाईची ही आवडती संत असणार यात नवल नव्हतं, आई तिला ‘गुलाबवाली’च म्हणायच्या. मला तिच्या आयुष्यातलं गुलाबांपलीकडचं थोडंफार ठाऊक होतं. पंधराव्या वर्षी कार्मेलच्या मठात गेलेली, चोविसाव्या वर्षी, 1897 साली, क्षयानं गेलेली मुलगी. रोमच्या यात्रेला गेली असताना तिनं लिफ्ट पाहिली होती, तेव्हा ती नवी गोष्ट होती. पुढं तिनं लिहिलं की पूर्णत्वाचा उंच जिना चढायला मी फार लहान आहे, मला लिफ्ट हवी, आणि येशूचे हात हीच माझी लिफ्ट. 1895 च्या जूनमध्ये तिनं देवाला केलेल्या अर्पणात म्हटलं आहे की आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यापुढं रिकाम्या हातांनी येईन. आईंना हे वाचता येत नव्हतं. त्यांची शाळा दुसरीत सुटलेली. पण ज्या हातांनी साठ वर्षं पाटी उचलली, ते हात रिकामे घेऊन पडून राहणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा आणि मला शिकवणाऱ्यांपेक्षाही जास्त कळलं होतं.

‘मागून घेतलं’ हा शब्द मला सोडेना. आपल्या मराठी माणसाच्या तोंडी तर ती मागणी चारशे वर्षं आहे: लहानपण देगा देवा. शाळेत मी ती ओळ किती वेळा शिकवली असेल, प्रत्येक वेळी ‘लहानपण’ या शब्दावर बोलले. मुंगी, साखर, ऐरावत, अंकुश, फळ्यावर चित्रं काढली. ‘देगा’वर कधी थांबले नाही. तुकोबा ‘मी लहान होईन’ असं म्हणत नाहीत. ते हात पसरतात. माझ्या ख्रिस्ती श्रद्धेला हे परकं वाटत नाही. उलट पौलानं करिंथकरांना जो प्रश्न विचारला, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही, त्याच्या अगदी शेजारी ती मागणी बसते. नम्रता स्वतःच्या हिमतीवर कमावली तर तिचाच ताठा येतो. मला आला होता. मिळालेल्या वस्तूचा ताठा कसा करणार?

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. नम्रतेच्या नावाखाली आपल्याकडं बायकांवर बरंच लादलं गेलंय. नवऱ्यानं हात उचलला तर ‘सहन कर, प्रभूनंही सहन केलं’ असा सल्ला मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि तो देणारी माणसं मनानं वाईट नव्हती. मराठी ख्रिस्ती समाजातल्या ज्या कुटुंबांनी जातीमुळं पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घातली, त्यांनाही पुन्हा ‘लीन व्हा’ असं ऐकवलं जातं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. दुसऱ्यानं वाकवलेली मान म्हणजे लीनता नव्हे. योहानानं गंगाळाच्या आधी एक ओळ लिहिली आहे, ती अशा वेळी मोठ्यानं वाचावी. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडं जातो, हे येशूला ठाऊक होतं. हे ठाऊक असताना तो उठला आणि त्यानं टॉवेल बांधला. ज्याला आपण कुणाचे आहोत हे ठाऊक आहे, त्यालाच खाली बसता येतं. मार खाणाऱ्या बाईला आधी ती कुणाची लाडकी लेक आहे हे सांगायचं असतं, दार उघडून द्यायचं असतं. वाकायला नंतर शिकवा, किंवा शिकवूच नका, तो तिच्या आणि प्रभूच्या मधला प्रश्न आहे.

मी मराठीची शिक्षिका, आणि चर्चमध्ये वाचक. रविवारी वाचनमंचावरून शास्त्रपाठ वाचताना माझे उच्चार चांगले होतात हे मला माहीत होतं, लोक तसं सांगायचेही. आईंच्या त्या संध्याकाळनंतर काही महिने मी पंडिता रमाबाईंबद्दल मिळेल ते वाचत होते. आम्ही कॅथलिक, त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या, पण मराठी बोलणाऱ्या कुठल्याही ख्रिस्ती बाईला त्या परक्या नाहीत. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. संस्कृत आईकडून शिकलेलं, भागवत तोंडपाठ. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथं त्यांना वैद्यकीय शिकायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यानं ते राहिलं. आणि पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलेला नव्हता. एवढी बुद्धीची बाई, धर्माचा एवढा अभ्यास केलेली, आणि ती म्हणते की मला मिळालेलं नव्हतं. मला तिथं पेत्राचा मागं घेतलेला पाय दिसतो, आणि मग तो हळूच पुढं केलेलाही.

दुष्काळातल्या अनाथ, विधवा, टाकलेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यांचं बायबल जास्त हलवून गेलं. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा केडगावातल्या त्या साध्या बायकांना पेलत नाही, म्हणून. आता विचार करा. जिच्या जिभेवर सरस्वती नांदते असं पंडितांनी सांगितलं, ती बाई एकेका ओळीपाशी बसून तिच्याच हाडामासाचे झालेले संस्कृत शब्द बाजूला काढतेय आणि जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तोंडचा शब्द शोधतेय. ती पानं छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनीच जुळवली, छापली. 1921 च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. त्यांनी ते हाती धरून पाहिलं नाही. हे वाचल्यावर मी पुढच्या रविवारी वाचनमंचावर उभी राहिले तेव्हा माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला, आणि मी तो जरा खाली आणला. मागच्या बाकांवर बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडं बघून वाचलं. त्या दिवशी कुणी उच्चारांचं कौतुक केलं नाही. एका आजीनं मात्र दारात थांबवून वाचलेल्या गोष्टीतल्या विधवेचं पुढं काय झालं, ते विचारलं.

आई साडेतीन वर्षांनी गेल्या, लेंतच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला. शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं. पण संध्याकाळी घमेल्याचा आवाज आला की चादरीखालून उजवा पाय किंचित हलायचा. मी आता गुडघ्यांवर बसून धुवायची. आधी स्टुलावर बसायची.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी पॅरिशमधून निरोप आला की यंदा बारा जणांत तुमचं नाव आहे. मी आधी नाही म्हणाले. मी कोण एवढी, दुसऱ्या कुणाला तरी घ्या. बोलता बोलता मला पेत्र ऐकू आला आणि मी फोनवरच गप्प झाले. समोरच्या मुलाला वाटलं लाइन कट झाली.

तर त्या संध्याकाळी आम्ही बारा जण पुढच्या बाकावर बसलो होतो. नाना तऱ्हेच्या साबणांचा वास येत होता, म्हणजे सगळेच घरून धुऊन आले होते. माझ्या शेजारी एक तरुण होता, व्यसनातून नुकताच बाहेर पडलेला. त्याचे पाय थरथरत होते आणि तो ते दुसऱ्या पायानं दाबून धरायचा प्रयत्न करत होता. पलीकडं वाडीत मजुरीला येणारी एक आदिवासी बाई. तिची टाच माझ्यापेक्षाही फुटलेली होती, पण तिनं मात्र ती लपवली नव्हती. मी माझ्या टाचा साडीच्या काठाआड घेतल्या होत्या.

पेत्रानं म्हातारपणी लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे, पाचव्या अध्यायात. एकमेकांसाठी नम्रता कमरेला बांधा, अशा अर्थाचं. मूळ ग्रीक क्रियापदात कामाला लागलेल्या गुलामानं गाठ मारून बांधायच्या वस्त्राची छटा आहे असं भाष्यकार सांगतात. म्हणजे आयुष्याच्या शेवटी ‘नम्रता’ म्हणायची वेळ आली तेव्हा त्या कोळ्याच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं असेल? मला वाटतं, तोच टॉवेल. ज्याला तो नको म्हणाला होता.

फादर माझ्यापुढं आले. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, मी त्यांना मराठी शिकवलेलं. त्यांनी गुडघे टेकले आणि माझ्या पायाखाली हात धरला. सबंध चर्च बघत होतं. माझ्या मनात काय आलं असेल? काही उदात्त नाही. वाटलं, लवकर आटपा. वाटलं, पाय ओढून घ्यावा. पाणी थंड होतं. त्यांचा हात टाचेच्या भेगेवर आला तेव्हा माझे डोळे आपोआप गच्च मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी मला कळलं की आई पहिले सहा महिने डोळे का मिटून घ्यायच्या. मी मनात म्हटलं, प्रभू, माझ्यानं जमत नाहीये. दुसरं काही सुचलं नाही. डोळे उघडले तेव्हा फादर बोटांच्या बेचक्या पुसत होते, एक एक, लहान मुलाच्या पुसतात तशा. पाय त्यांच्या हातात होता. मी तो ओढलेला नव्हता.

घरी यायला दहा वाजले. मिस्सा संपल्यावर वेदीवरचं कापड काढतात, दिवे मंद होतात आणि लोक पवित्र साक्रमेंतापुढं, म्हणजे पवित्र केलेल्या भाकरीपुढं, शांत बसून राहतात. मीही बराच वेळ बसले होते. वाडीतून येताना पायांना पुन्हा माती लागली होती, पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं. ओटीवर बसले आणि गुडघा धरला. सून बाहेर आली.

"मम्मी, गुडघा दुखतोय ना? पाणी तापवते, शेकते जरा."

"नको गं, राहू दे. झोप तू."

ती आत गेली. हे ‘नको’ सवयीचं होतं. दोन वर्षं ती रोज विचारत होती आणि मी रोज हेच म्हणत होते. आत तिनं भांडं उचलून पुन्हा जागेवर ठेवल्याचा आवाज आला.

मी तिला हाक मारली. नावानं.

"तापव," म्हटलं. "मीठही टाक त्यात थोडं."

ती घमेलं घेऊन आली, तेच आईंचं, आणि खाली बसली. मी उजवा पाय पुढं केला.